सुई, माती आणि प्रयोगाची वही

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, गुणवंतांचे कौतुक करावे आणि चार शब्द उपदेशाचे बोलून खाली बसावे, अशी आपल्याकडे रीत आहे. संयोजकांनी मात्र मला वेगळाच विषय दिला आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि सवडीच्या वेळी दोन छंद करते. एक, पॉलिमर क्ले नावाच्या रंगीत मातीचे दागिने बनवणे. दुसरा, हाताचे भरतकाम. या छंदांविषयी पालकांसमोर बोलावे, अशी त्यांची इच्छा आहे. विषय हलका वाटेल; परंतु त्याच्या पोटात आपल्या मुला-मुलींच्या शिक्षणाचा एक फार गंभीर प्रश्न दडलेला आहे, म्हणून मी हे निमंत्रण आनंदाने स्वीकारले.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते. हाताचा छंद मुलांना प्रयोग म्हणून दिला, तर तो शाळेच्या अभ्यासाला बळ देतो. तोच छंद शाळेच्या ऐवजी दिला, किंवा कोवळ्या वयात मजुरी म्हणून गळ्यात बांधला, तर तो शाळा हिरावून घेतो. सुई तीच, माती तीच. फरक पडतो तो आपण वडीलधारी माणसे ती मुलांच्या हाती कशासाठी देतो, यामुळे.

आपल्या घरांत हाताचे काम नवे नाही. ओढणीच्या काठावर सलमा-सितारे, उशीच्या गिलाफावर रेशमाची फुले, दस्तरखानाच्या कडेला क्रोशाची जाळी हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो. पॉलिमर क्ले मात्र बहुतेकांना अपरिचित असेल, म्हणून आधी तिच्याविषयी बोलते.

नावात माती असली तरी ही माती नव्हे. नळाचे पाइप ज्या पीव्हीसी प्लॅस्टिकचे होतात, त्याचीच अतिशय बारीक पूड, तिला मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य, थोडे भरणद्रव्य आणि रंग एवढे एकत्र मळले, की कणकेसारखा गोळा तयार होतो. कुंभाराची माती पाणी उडून गेले की वाळते. हिच्यात पाणीच नसल्यामुळे ती उघडी राहिली तरी तशी वाळत नाही. ऊन आणि उष्णता यांपासून जपली, तर कित्येक महिने मऊ राहते. ओव्हनमध्ये ठरावीक तापमानाला ठेवली, की पुडीचे कण ते तेलकट द्रव्य शोषून फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि सारा गोळा एकसंध व टिकाऊ होतो. एकदा भाजलेली वस्तू पुन्हा मऊ करून नवा आकार देता येत नाही. आठवी-नववीच्या मुलांना भौतिक बदल आणि रासायनिक बदल शिकवताना आपण मेणबत्तीचे उदाहरण देतो. त्याच वेळी ही माती पुढे ठेवून हा बदल कोणता, असे विचारले, तर वर्गात चांगला वाद रंगतो आणि रेणू म्हणजे काय, हे समजून घेण्याची भूक मुलांना लागते.

या मातीचा इतिहासही विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखा आहे. जर्मनीत केटे क्रूझ या नावाजलेल्या बाहुल्या बनवणाऱ्या बाई होऊन गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाहुल्यांच्या डोक्यांसाठी नेहमीचा माल मिळेना, तेव्हा पर्याय म्हणून एक प्लॅस्टिकचे मिश्रण त्यांच्या कारखान्यात आले. बाहुल्यांच्या कामाला ते योग्य ठरले नाही. परंतु त्यांची मुलगी सोफी, जिला घरात फिफी म्हणत, तिने ते टाकून न देता त्याच्यावर प्रयोग चालू ठेवले. पुढे ते 'फिफी मोझाइक' या नावाने विकले जाऊ लागले. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या कंपनीने ते घेतले आणि त्या नावातूनच 'फिमो' हा शब्द तयार झाला. आपली मुले ज्या स्टेडलर कंपनीच्या पेन्सिली वापरतात, तीच कंपनी आज फिमो विकते.

अमेरिकेतील 'स्कल्पी' या मातीची कथाही अशीच. १९६० च्या दशकात हे मिश्रण तयार झाले ते विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील उष्णता वाहून नेण्यासाठी. त्या कामी ते अयशस्वी ठरले. पुढे कोणीतरी सहज त्याची आकृती केली, ती भाजून पाहिली, आणि कलावंतांना नवे साधन मिळाले. नॅन रोश या लेखिकेचे या मातीवरील पुस्तक १९९१ मध्ये निघाले, तर २०११ मध्ये अमेरिकेतील रसीन शहराच्या कलासंग्रहालयाने या मातीच्या कलाकृतींचे खास प्रदर्शन भरवले. विद्यार्थी मित्रांनो, दोन्ही कथांचे सार एकच आहे. एका कामी फसलेली वस्तू दुसऱ्या कामी उपयोगी पडली. कारण फसल्यावरही कोणीतरी तिच्याकडे कुतूहलाने पाहिले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रत्येक वडीच्या वेष्टनावर तापमान आणि वेळ छापलेली असते. फिमोसाठी साधारण ११० अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटे. स्कल्पीसाठी सुमारे १३० अंश आणि दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटे. आपल्या घरच्या छोट्या ओव्हनच्या बटणावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. बटण ११० दाखवते आणि आत तापमान वेगळेच असते, असे पुष्कळदा घडते. म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक विकत घ्यावा.

पालकांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. भाजण्याचे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. ही माती मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसच्या उघड्या ज्वाळेवर कधीही भाजू नये. फार तापून ती करपली, तर हायड्रोजन क्लोराइड नावाचा घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. उग्र वास आला, की ओव्हन ताबडतोब बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना बाहेर न्यावे. मातीसाठी वापरलेले लाटणे, ताट, सुरी पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. तान्ही मुले घरात असतील, तर मणी त्यांच्या हाती लागणार नाहीत, अशा ठिकाणी ठेवावेत.

ओव्हन नाही किंवा ही माती परवडत नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. मक्याचे पीठ आणि पांढरा डिंक सारख्या प्रमाणात घेऊन, थोडे तेल आणि लिंबाचा रस घालून मंद आचेवर हलवले, की मळता येणारा गोळा तयार होतो. तो हवेत वाळतो. भाजावा लागत नाही. पाण्यापासून मात्र जपावा लागतो आणि वाळताना आकसतो. किती आकसतो? बरोबर पाच सेंटिमीटरची पट्टी करावी, रोज मोजावी, आणि वाळल्यावर शेकडा किती आकसली ते गणित मांडावे. फुकटात टक्केवारी शिकून होईल.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येते. पाहून पाहून एखादा दागिना करणे म्हणजे नक्कल. नक्कल वाईट नव्हे. सुरुवात नकलेनेच होते. पण छंद प्रयोग होतो तो वहीमुळे. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर काय केले ते लिहा: तारीख, मातीचे नाव, जाडी, तापमान, मिनिटे. उजव्या पानावर काय झाले ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन मिलिमीटर जाडीच्या पाच सारख्या पट्ट्या कापा. तापमान तेच ठेवून एक पाच मिनिटे, दुसरी दहा, तिसरी पंधरा, चौथी वीस आणि पाचवी तीस मिनिटे भाजा. पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक पट्टी हळूच वाकवा. कच्ची राहिलेली पट्टी बिस्किटासारखी मोडते. नीट भाजलेली वाकते आणि परत सरळ होते. हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला 'वेळ कमी दिली तर काय होते' हे पुन्हा सांगावे लागत नाही. आणि मोडलेली पट्टी वहीत चिकटवून ठेवली, की अपयशाचीही लाज वाटेनाशी होते. ती नोंद बनते.

आता यातील गणित पाहा. या मातीत एक सुंदर तंत्र आहे. निरनिराळ्या रंगांच्या कांड्या अशा जुळवतात, की त्यांच्या आडव्या कापात फूल दिसते. सारी कांडी एकत्र दाबली, की त्या फुलाचे चित्र तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. चकत्या कापल्या, की प्रत्येक चकतीवर तेच फूल. इटलीतील व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर काचेच्या कांड्यांनी हेच करत आले आहेत. कांडी लाटून लांब केली, की चित्र बारीक होते, पण बिघडत नाही. समजा, कांडीचा व्यास ५ सेंटिमीटर आणि लांबी ५ सेंटिमीटर आहे. व्यास निम्मा, म्हणजे अडीच सेंटिमीटर करायचा, तर लांबी किती होईल? पुष्कळ मुले उत्तर देतात, दुप्पट, म्हणजे दहा. पण कांडी लाटून पाहिली, की ती वीस सेंटिमीटर भरते. घनफळ तेच राहते, त्रिज्येचा वर्ग चौथाई होतो, म्हणून लांबी चौपट. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र दहावीत पाठ केले जाते. येथे ते बोटांना कळते. आणि वीस सेंटिमीटर कांडीच्या दोन मिलिमीटरच्या चकत्या कापल्या, तर कागदावर शंभर होतात. प्रत्यक्षात दोन्ही टोके दबून बिघडतात, म्हणून थोड्या कमी मिळतात. कागद आणि प्रत्यक्ष यांतील हा फरकसुद्धा वहीत लिहावा.

आता भरतकामाविषयी. येथे माझ्या भगिनी मनात म्हणतील, हे आम्हाला काय शिकवता? खरे आहे. धावदोरा, टीप, साखळी टाका, गाठीचा टाका, काजाचा टाका हे आपण आई-खालांच्या शेजारी बसून शिकलो. पण त्यातही प्रयोगाला मोठी जागा आहे. बाजारात मिळणाऱ्या सुती धाग्याच्या लडीत सहा पदर असतात. तेच एक पान एकदा एका पदराने, एकदा दोन, एकदा तीन आणि एकदा सहा पदरांनी भरा. एकदा कॅम्ब्रिकवर आणि एकदा खादीवर भरा. चार पदर आणि दोन कापडे, म्हणजे आठ नमुने होतील. कोणत्या कापडाला कोणता धागा शोभतो, कोठे कापड आकसते, कोठे पान फुगीर दिसते, हे त्या आठ नमुन्यांतून जितके कळेल, तितके पुस्तक वाचून कळणार नाही.

दुसरा प्रयोग रंगाच्या पक्केपणाचा. लाल आणि काळा धागा पांढऱ्या ओल्या रुमालात गुंडाळून दाबून ठेवा. रुमालावर डाग आला, तर तो धागा पांढऱ्या कुर्त्यावर वापरण्याआधी विचार करा. आठ दिवस खपून भरलेला कुर्ता पहिल्या धुण्यात खराब होण्यापेक्षा हातभर धागा आणि अर्धा तास खर्चणे केव्हाही स्वस्त.

भरतकामाची विद्या किती खोल जाऊ शकते, ते पाहायचे असेल तर लखनौच्या चिकनकामाकडे पाहावे. तेथे कापड आधी बेतून शिवतात, मग लाकडी ठशांनी धुतल्यावर निघून जाणाऱ्या रंगात नक्षी छापतात, त्यावर टाके भरतात आणि शेवटी कापड धुऊन नक्षीचा रंग घालवतात. बखिया हा टाका कापडाच्या उलट्या बाजूने घालतात. सुलट बाजूला त्याची नुसती सावली दिसते. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी, फंदा त्याहून बारीक आणि गोल. जाळीत तर कापडाचा धागा न तोडता, सुईने विणीचे धागे बाजूला ओढून छिद्रे करतात. २००८ मध्ये लखनौच्या चिकनकामाला भौगोलिक मानांकन मिळाले.

कर्नाटकातील धारवाडकडे कसुती नावाचे काम आहे. त्यात कापडाचे धागे मोजून टाके घालतात आणि 'गावंती' नावाचा टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. युक्ती सोपी आहे. धावदोऱ्याने जाताना एक आड एक रेघ भरायची आणि परत येताना राहिलेल्या रेघा भरायच्या. ही युक्ती आपल्या रंगीत मातीशी जोडता येते. विद्यार्थ्यांसाठी हा प्रयोग मी मुद्दाम सांगते.

मातीची चार सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. भाजण्याआधी कोनमापकाने दर पंधरा अंशांवर, कडेच्या थोडे आत, सुईने आरपार भोक पाडा. एकूण चोवीस भोके होतील. भाजून थंड झाल्यावर सुईत धागा ओवा. पहिल्या भोकापासून सात भोके पुढे जा, तेथून आणखी सात, असे चालत राहा. चोवीस पावलांत धागा प्रत्येक भोकाला एकदा भेट देऊन पहिल्या भोकाशी परत येतो. ही झाली पहिली फेरी. हिच्यात निम्म्या रेघा पुढच्या बाजूला आणि निम्म्या मागच्या बाजूला पडतात. त्याच वाटेने दुसरी फेरी घाला, पण आता जेथे धागा पुढे होता तेथे मागून न्या आणि मागे होता तेथे पुढून. दोन्ही बाजूंना चोवीस टोकांची चांदणी पूर्ण होते, आणि एक लॉकेट तयार होते. आता साताऐवजी आठ भोके पुढे जाऊन पाहा. तीन पावलांतच धागा परत येतो. चांदणीऐवजी त्रिकोण मिळतो, आणि सर्व भोके भरायला असे आठ त्रिकोण लागतात. असे का? कारण चोवीस आणि सात यांचा मसावि एक, तर चोवीस आणि आठ यांचा मसावि आठ आहे. सहा भोके पुढे गेलो तर काय होईल, आणि पाच गेलो तर? हे मी सांगणार नाही. घरी करून पाहा आणि उद्या आपल्या गणिताच्या सरांना दाखवा.

पालकहो, आता ज्या गंभीर प्रश्नाचा उल्लेख मी सुरुवातीला केला, त्याकडे वळते.

पहिली गोष्ट मुलींच्या शाळेची. 'मुलगी शिवण-भरतकामात हुशार आहे, दहावी झाली, आता घरीच बसून काम शिकेल', हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नसते. शाळा लांब असते, बसचा खर्च असतो, काळजी असते. परंतु ज्या मुलीच्या बोटांत चोवीस भोकांची चांदणी आहे, तिच्या डोक्यात गणित आहे, याचा तो पुरावा आहे. तिच्या हुशारीचा दाखला तिची शाळा थांबवण्यासाठी कसा वापरायचा? तो तर तिला पुढे शिकवण्याचा दाखला आहे. वस्त्रोद्योग, रंगांचे रसायन, वास्तुरचना, दागिन्यांचे संकल्पन, शिक्षकी पेशा अशा कितीतरी वाटा त्याच बोटांतून फुटू शकतात. पण त्यांचे दरवाजे बारावी आणि पदवीशिवाय सहसा उघडत नाहीत. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, सुई हातात देऊन पुस्तक काढून घेऊ नका.

दुसरी गोष्ट मुलांची. भरतकाम हे बायकांचे काम, असे म्हणून आपण मुलांना यापासून दूर ठेवतो. वस्तुस्थिती काय आहे? जरदोजीच्या लाकडी चौकटीवर, ज्याला अड्डा म्हणतात, त्यावर बसून काम करणारे कारागीर पिढ्यान्पिढ्या बहुतांशी पुरुष आहेत. चिकनचे ठसे कोरणारे आणि छापणारेही बहुधा पुरुषच. मुंबईतील आरीकामाच्या कारखान्यांतही तीच परंपरा आहे. म्हणूनच २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टने हे काम मुद्दाम स्त्रियांना शिकवायला घेतले, तेव्हा ती नवी गोष्ट ठरली. ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर डिओर या फ्रेंच कंपनीने आपली वस्त्रे सादर केली, त्यामागे चाणक्यच्या कारागिरांचे हात होते. तेव्हा मुलाने सुई धरली तर हसू नका. बटण तुटले की आईला हाक मारणाऱ्या मुलापेक्षा ते स्वतः लावणारा मुलगा अधिक शहाणा.

तिसरी गोष्ट पैशाची. छंदातून चार पैसे मिळू शकतात, हे खरे. पण घाईने छंदाची मजुरी करू नये. चिकनकामाचीच दुसरी बाजू सांगते. घरी बसून टाके भरणाऱ्या असंख्य स्त्रियांना नगामागे अगदी थोडी मजुरी मिळत आली. मालक आणि त्या यांच्यामध्ये दलालांची साखळी, आणि कापड शेवटी कोठे व किती किमतीला विकले गेले, हे त्यांना ठाऊक नसे. म्हणूनच १९८४ मध्ये लखनौत 'सेवा' ही संस्था उभी राहिली आणि तिने कारागीर स्त्रियांना थेट बाजाराशी जोडण्याचे काम हाती घेतले. त्या कामात पुढाकार घेणाऱ्या रूना बॅनर्जी यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. हुनर असूनही हिशेब हाती नसला, तर हुनर दुसऱ्याच्या खिशात जातो, हा त्यातून घ्यायचा धडा.

म्हणून वहीत शेवटचे एक पान हिशेबाचे ठेवा. ५७ ग्रॅमच्या वडीतून चार ग्रॅमचा एक याप्रमाणे चौदा डूल, म्हणजे सात जोड होतात. समजा, एका जोडाला माती, हूक आणि वीज मिळून वीस रुपये खर्च आला, आणि तो जोड ऐंशी रुपयांना गेला. मुलगी म्हणेल, साठ रुपये नफा. तिला विचारा, किती तास लागले? तीन तास लागले असतील, तर तासाला वीस रुपये पडले. आता तिलाच ठरवू द्या, की आपला तास वीस रुपयांचा आहे का. परीक्षेच्या महिन्यात तोच तास अभ्यासाला दिला, तर त्याचे मोल किती? हा प्रश्न ज्या मुलीला विचारता येतो, तिला पुढे कोणी सहज फसवू शकणार नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर कायदाही स्पष्ट आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे. घरच्या उद्योगात मदत करायची, तर तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीतच. कायद्याची भीती नको. पण मूल थकून वर्गात पेंगू लागले, तर घरची मदत प्रमाणाबाहेर गेली, हे आपणच ओळखले पाहिजे.

हे सारे मी माझ्या पदरचे सांगत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा येथे, गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षणपरिषद भरली आणि हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना आखण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. मातृभाषेतून, सात वर्षांचे, सर्वांसाठी मोफत व सक्तीचे आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण असावे, असे त्या समितीने सांगितले. पण त्याच अहवालात एक इशाराही आहे. या योजनेत कमाईवर भर देण्याच्या नादात शिक्षणाचा हेतू बाजूला पडण्याचा आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम करून घेण्यातच गुंतण्याचा धोका आहे, असे समितीने स्पष्टपणे नोंदवले. हाताच्या कामाचा पुरस्कार करणाऱ्यांनीच त्याचा धोकाही दाखवावा, याला मी खरी विद्वत्ता म्हणते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे, असे सुचवले आहे. तेव्हा आपण काही जगावेगळे मागत नाही.

शेवटी काही सूचना करते. पालकांनी आठवड्यातून दोन तास मुलांना या कामासाठी मोकळे द्यावेत आणि महिन्यातून एकदा त्यांची वही पाहावी. वस्तू सुंदर झाली का, हे विचारण्याआधी या वेळी काय बदलून पाहिलेस, हे विचारावे. शाळेने कार्यानुभवाच्या तासाला विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांनाही बोलवावे. संस्थेने एक ओव्हन, एक तापमापक, काही चौकटी आणि धाग्याच्या लड्या यांची सामायिक व्यवस्था करावी, म्हणजे ज्यांच्या घरी हे नाही ती मुले मागे राहणार नाहीत. आणि पुढच्या वर्षी या मंडपात तयार दागिन्यांच्या शेजारी मोडलेल्या पट्ट्यांच्या वह्याही मांडाव्यात. सर्वांत सुंदर वस्तूला बक्षीस द्याच. पण एक बक्षीस सर्वांत प्रामाणिक वहीलाही द्या.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुमच्या हातून पुष्कळ मणी फुटतील, धागे गुंततील, रंग उतरतील. घाबरू नका. का फुटला, कसा गुंतला, कोणता उतरला, हे लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलून पुन्हा करा. परीक्षेतही, आणि पुढे आयुष्यातही, हीच सवय तुम्हाला साथ देईल.